घरधन्याची छाप

बालाघाट,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

डॉ. मंजुषा टेंभुर्णे यांस,

माझे नाव दादाजी सोमाजी टेंभुर्णे. वय एक्याऐंशी वर्षे पूर्ण. शिक्षण मराठी चौथी, लांजीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण. पुढे प्रांतांची वाटणी झाली, आमचे गाव हिंदी बाजूस राहिले, शाळा हिंदी झाली आणि माझे शिक्षण थांबले; त्यात माझा दोष नाही. धंदा हार्मोनियम-दुरुस्ती, बालाघाट बसस्थानकामागे स्वतःचे दुकान, सत्तावन्न वर्षे. फकिरा हुमणे यांच्या गायन पार्टीत पेटीवादक, अडतीस वर्षे. डोळे शाबूत, कान त्याहून शाबूत. जे लिहीन ते खरे लिहीन.

ही उत्तरे आपल्या छापील प्रश्नावलीच्या पहिल्या रकान्यांची आहेत. ती माझ्या हाती कशी आली, हे सांगणे आवश्यक आहे. मागील आठवड्यात पुष्पलतावहिनी, म्हणजे दिवंगत फकिरा यांच्या पत्नी, त्यांची पेटी दुरुस्तीस ठेवून गेल्या. भाता उघडला तेव्हा आत हा कोरा कागद निघाला. माणसे पेटीत काय ठेवतील याचा नेम नाही.

असाच एक कागद आपण दोन वर्षांपूर्वी मलाही दिला होता. त्याच्या माथ्यावर आपल्या हस्ताक्षरात ‘साथीदार’ असे लिहिले होते. मी त्याच्या चार घड्या घालून तो आपल्याच पिशवीत परत ठेवला आणि पाहुण्यांसमोर म्हणालो की, कोणाच्या चरित्राच्या पानाखाली बारीक अक्षरांत बसणारा मी माणूस नाही. आपण पिशवी उचलून, न जेवता निघून गेलात. आपल्या मातोश्रींनी त्या दिवशी वडाभात केला होता. तो दुसऱ्या दिवशीही पुरला.

आपण नागपुरास राहून संगीतकारांची चरित्रे लिहिता आणि त्याबद्दल आपला सत्कार होतो, हे मी जाणतो. आपली चारही पुस्तके माझ्या दुकानात फळीवर आहेत आणि चारही मी अथपासून इतिपर्यंत वाचली आहेत. दुसऱ्या पुस्तकातील व्हायोलिनवाले गृहस्थ चहात तीन चमचे साखर घेत आणि चाल सुचताना डावा पाय हलवीत, हे आपण पाऊण पानभर लिहिले आहे. तिसऱ्या पुस्तकातील नाटकमंडळीच्या संगीतकाराला कोणत्या कुशीवर झोप येई, हेही आपणांस ठाऊक आहे. मी विचारतो, माझ्या चहात साखर किती, हे आपणांस ठाऊक आहे काय?

तसेच, तिसऱ्या पुस्तकात पान एकशे बारावर आपली चूक झालेली आहे. पेटीच्या आतील पितळी पातीचे टोक घासले असता सूर चढतो आणि बूड घासले असता उतरतो. आपण उलट लिहिले आहे. चार वर्षे झाली. मी कोणास सांगितले नाही.

पाचवे पुस्तक फकिराचे आहे, असे कळते. त्याकरिता आपण एक्केचाळीस वेळा किरनापूरला गेलात. ही संख्या मला आमच्या पार्टीतील राजेंद्र ढोलकवाले यांनी सांगितली. मी विचारली नव्हती. नागपूरच्या बसमधून उतरून किरनापूरची बस मिळेपर्यंत बालाघाटला अर्धा तास थांबावे लागते. दुकान बसस्थानकामागे आहे. अर्धा तास गुणिले एक्केचाळीस. आपण तो वेळ बाकावर बसून काढला. दोन वेळा मी आपणांस दुकानाच्या दारातून पाहिले. एकदा आपण कैरी खात होतात.

फकिरा मोठा होता, हे मी नाकारीत नाही. परंतु पार्टीत पेटी कोण वाजवीत होते? त्याचा आवाज फाटला की कोण झाकीत होते? त्याची चाल हवेत असे. ती पट्टीवर उतरवून कोण देत होते? सर्व टाळ्या त्याच्याकडे गेल्या. आता माझी मुलगीही त्याच्याकडे गेली, आणि तो मरून सहा महिने झाले तरी परत आलेली नाही.

माझी मागणी एकच आहे. सदर पुस्तकात माझे नाव कोणत्या पानावर, किती ओळींत आणि कोणत्या चालीपुढे येते, ते लेखी कळवावे. ‘साथीदार’ या शब्दाखाली येत असेल तर येऊ नये.

आपला,
दादाजी सोमाजी टेंभुर्णे

*

बालाघाट,
दि. १९ फेब्रुवारी २०२५

आयुष्मती मंजुषा हिस सप्रेम जय भीम.

आपले पाकीट पोहोचले. वरच्या चिठ्ठीत पहिलीच ओळ ‘दीड चमचा, आणि चहा बशीत’ अशी आहे. उत्तर बरोबर आहे.

सोबतचे सातवे प्रकरण मी तीन वेळा वाचले. त्याचे शीर्षक ‘दादाजींची चाल’ असेल, अशी मला कल्पना नव्हती. प्रकरणाचा आरंभ येथे उतरवून काढतो, कारण माझ्या अक्षरांत तो कसा दिसतो हे मला पाहायचे आहे: ‘मी आयुष्यभर चालींच्या मागे का फिरले, याचे उत्तर एका चालीत आहे. मी बारा दिवसांची असताना, माझ्या नामकरणाच्या दिवशी, माझ्या वडिलांनी ती बांधली. फकिरा हुमणे यांच्या पार्टीने पुढे चाळीस वर्षे गाजवलेले सर्वांत सुंदर गाणे फकिरांचे नाही.’

चांगला दिसतो.

पुढे आपण पुरावा दिला आहे. शेवटच्या कडव्यात ‘दादाजी म्हणे, दिवा लहान, उजेड त्याचा नाही लहान’ असे नाव गुंफलेले आहे आणि गाण्यात ज्याची छाप, रचना त्याची, असा नियम आपण मागील चार पुस्तकांच्या आधाराने मांडला आहे. फकिरास आपण याबद्दल शेवटच्या भेटीत विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘ते तुह्या बापाले विचार.’ यास आपण ‘थोर कलावंताचा विनय’ असे म्हटले आहे.

मजकुरात चूक असल्यास मार्चअखेरपर्यंत कळवावी, त्यानंतर पुस्तक छापखान्यात जाईल, असे आपण लिहिता. मी तपासले. दुरुस्त्या तीन. एक, माझ्या वडिलांचे नाव सोमाजी, सोमजी नव्हे. दोन, त्या वर्षी माझ्या पेटीची पट्टी काळी चार होती, पांढरी चार नव्हे. तीन, आमचे घर तेव्हा कौलारू होते. इतर मजकुरास माझी हरकत नाही.

राजेंद्र दुकानात आले असता मी त्यांस प्रकरण वाचून दाखविले. ते म्हणाले, “आता तं तुमी पुस्तकात गेले, दादाजी! पेटीवाल्याचा भाव चढला! आमा ढोलकवाल्याले कोन इचारते?” पुढे ते म्हणाले, “पन ते चाल तं...” इतक्यात ग्राहक आले, त्यामुळे वाक्य अपूर्ण राहिले. ग्राहक गेल्यावर त्यांनी ते पूर्ण केले नाही. मीही आठवण करून दिली नाही.

मला खरे विचाराल तर, फकिराच्या पुस्तकातील सर्वांत उत्तम प्रकरण माझे व्हावे, यात मला समाधान आहे. त्याने ते वाचावयास हवे होते, असेही एकदा मनात आले. या विचाराची मला लाज वाटत नाही.

आपल्या मातोश्रींनी प्रकरण वाचून घेतले नाही. “डोये दुखते,” म्हणाल्या. काल त्यांनी मंगळवारच्या बाजारातून आणलेले वाटाणे सोलले. तेव्हा डोळे दुखत नव्हते.

आपला,
दादाजी सोमाजी टेंभुर्णे

*

बालाघाट,
दि. ६ मार्च २०२५

आयुष्मती मंजुषा,

तुझे दुसरे पत्र मिळाले. (वरील ‘तुझे’ हा शब्द खोडणार होतो, राहू दिला आहे.) प्रकरण मंजूर आहे का, असे तू विचारतेस. त्याचे उत्तर देण्याआधी घरातील काही गोष्टी कळविणे भाग आहे.

तुझ्या मातोश्री पंधरा दिवस माझ्याशी कामापुरते बोलतात. रविवारी मी स्पष्ट विचारले की काय झाले. त्या म्हणाल्या, “त्या दिवसाचा चहा म्याच मांडलता. मले काहून सांगून राह्यले?”

मी म्हणालो, छापील पुस्तकात काय लिहावे हे अभ्यासकाचे काम आहे.

त्या म्हणाल्या, “तुमी चौथीत पह्यले आल्ते म्हनता ना? मंग पाटीवर दुसऱ्याचं पाहून लिवलं का तवा बी?”

मी त्यांना सांगितले की वयोमानाने स्मरणात घोटाळा होतो. त्यांनी पाट उचलून भिंतीला उभा केला आणि आत गेल्या. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. घोटाळा होऊ शकतो.

सोमवारी पुष्पलतावहिनी पेटी न्यावयास आल्या. मला वाटले होते की तू त्यांना काही सांगितले नसशील. परंतु तू ते प्रकरण त्यांना फोनवर वाचून दाखविलेस, हे त्यांच्याच तोंडून कळले. मी कानस हातात घेऊन बसलो होतो. ती खाली ठेवण्याचे मला सुचले नाही.

त्या म्हणाल्या, “चांगलं लिवलं पोरीनं, भाऊजी. म्या म्हटलं, हौ, तसंच राहू दे.”

मी म्हणालो, वहिनी, तुमची हरकत नाही?

“हरकत काहाची? आमच्या याइचं तेच म्हननं होतं. गाव बदललं का दुसऱ्या गान्यातलं नाव बदलवत. त्या गान्यातलं कधीच नाई बदललं. म्या एक डाव इचारलं, काहून हो? तं म्हने, ‘ते गानं त्याच्या घरी जन्मलं. त्याले परक्या घरी काहून नेऊ?’”

मग त्या हसून म्हणाल्या, “तुमी कधी ‘बदलवा’ म्हटलं नाई. ते बी कधी बोलले नाई. दोघं बी मुके. पेटीच तेवढी बोले.”

त्यांनी शिवीगाळ केली असती तर मला उत्तर देता आले असते. उत्तर तयार होते. सहा महिन्यांपासून तयार आहे.

पेटी अजून दुकानातच आहे. वहिनींना मी सांगितले की एक सूर लागलेला नाही, लागला की मीच पोहोचवीन. हे खोटे होते. सर्व सूर लागलेले आहेत. त्यांतील एका पातीच्या टोकाशी कानशीच्या खुणा आहेत, तीन आडव्या आणि एक तिरकी. मी ती पाती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. हात माझाच आहे. एकोणीसशे एकोणऐंशीचा.

तू मार्चअखेरची मुदत दिली आहेस. आज सहा तारीख आहे. मला थोडा अवधी पाहिजे.

दादाजी

*

बालाघाट,
दि. २३ मार्च २०२५

चि. मंजू,

आज मी पार्टीची जुनी माणसे घरी बोलावली आहेत आणि त्यांच्यासमोर लिहीत आहे. तुझ्या प्रश्नावलीत अकरावा रकाना आहे: ‘चाल कशी सुचली, शक्य तितक्या तपशिलाने सांगावे.’ त्याचे उत्तर येणेप्रमाणे.

तू झालीस तेव्हा मी ठरविले की नामकरणाला माझ्या लेकीचे गाणे मीच बांधीन. पार्टीतले सगळे म्हणत, दादाजीचा हात गोड आहे पण डोके कोरडे आहे. मला त्यांना दाखवायचे होते. मी नऊ दिवस पेटीवर बसलो. जे यायचे ते कोणाचे तरी असायचे. ऐकलेले वाजायचे, नवे वाजत नसे. बाराव्या दिवशी सकाळी मी पेटीवर कापड टाकले आणि तुझ्या आईला सांगितले की गाणे होणार नाही, नुसता पोहा-चहा करू.

दुपारी फकिरादादा किरनापूरहून सायकलवर आले, पाठीमागे पेटी बांधून. तू पाळण्यात होतीस. तुझ्या आईने चुलीवर चहा मांडला. ते तुझ्याकडे पाहत बसले आणि गुणगुणू लागले. चहाला उकळी येण्याआधी पहिली ओळ झाली. बशा निवण्याआधी अंतरा झाला. मी तेथेच होतो. मला नऊ दिवसांत जे सापडले नाही, ते या माणसाला चहाच्या एका आधणात सापडले. आणि तेही माझ्या घरात, माझ्या मुलीकडे पाहून. मंजू, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मी ते कधीही कोणास सांगितले नाही, म्हणून येथे लिहितो. मला वाटले, याने माझ्या पाळण्यातून काहीतरी उचलून नेले.

संध्याकाळी गाणे झाले तेव्हा शेवटच्या कडव्यात त्यांनी माझे नाव घातले. त्यात विशेष काही नव्हते. आपल्या भागात ज्याच्या दारी कार्यक्रम, त्या घरधन्याचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफतात. तो मान असतो. दुसऱ्या गावी गेले की ते काढून तिथल्या घरधन्याचे घालतात. तू ज्या चौघांची पुस्तके लिहिलीस ती माणसे दुसऱ्या मुलखांतली. तिकडे छाप रचणाऱ्याची असते. तू तिकडचे माप इकडे लावलेस, ही तुझी चूक झाली. परंतु ती तुझी एकटीची नाही.

तू सात वर्षांची असताना दुकानात माझ्या शेजारी पोत्यावर बसून मला विचारले होतेस, “बाबा, माह्यं गानं तुमीच केलं का?” मी म्हणालो, “हौ.”

इतकेच. एक अक्षर. तू उठून बसस्थानकापर्यंत धावत गेलीस आणि सगळ्यांना सांगितलेस. त्यानंतर ते परत घेणे जमले नाही. तू मोठी झालीस, नागपूरला गेलीस, चाली कोण बांधतो आणि कशा बांधतो हे शोधीत फिरलीस, आणि मी प्रत्येक पुस्तक उघडताना भीत असे की यात ती आपल्याला ओळखेल. ‘साथीदार’ शब्दाचा मला राग आला, कारण तो शब्द खरा होता.

फकिरादादांनी ते नाव पुढच्या गावी काढले नाही. त्या पुढच्या गावीही काढले नाही. सत्तावीस वर्षे मी त्यांच्या शेजारी बसून पेटीवर माझेच नाव ऐकत होतो आणि दर वेळी जळत होतो. लोक माझ्याकडे पाहून माना डोलावीत. मी पार्टी सोडली ती पाठदुखीमुळे, असे मी सर्वांना सांगितले. पाठ ठीक आहे.

तुला त्यांनी ‘तुह्या बापाले विचार’ म्हटले, तो विनय नव्हता. ती त्यांनी मला दिलेली संधी होती. तू त्यांच्याकडे एक्केचाळीस वेळा गेलीस आणि त्यांनी एकदाही मला उघडे पाडले नाही. या माणसाचा मला आजही हेवा वाटतो. आता चालीचा नव्हे.

पुस्तकाचे काय करावे, हे तू ठरव. सातव्या प्रकरणाचा आरंभ तुला बदलावा लागेल आणि तुझ्या आयुष्याबद्दल तू त्यात जे लिहिले आहेस तेही हलेल, हे मी जाणतो. त्याबद्दल माझ्याकडे शब्द नाहीत. चौथीपर्यंत ते शिकवीत नाहीत.

शेवटचा रकाना: ‘सदर रचनेत आपले योगदान.’

त्या दुपारी चालीच्या शेवटी जो सूर येतो, तो फकिरादादांच्या पेटीत किंचित उतरलेला होता. त्यांना कळला नव्हता, मला कळला. मी पेटी उघडून त्या पातीचे टोक कानशीने घासले, तीनदा आडवे आणि एकदा तिरके, आणि सूर चढवून दिला. उत्तर: सूर लावला. चाल फकिरादादांची.

हे लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखविले. मग राजेंद्र म्हणाले, “चाळीस वर्सं ढोलक वाजवली, दादाजी, तुमचा सूर आज ऐकू आला.” तुझ्या आईने उठून चहा मांडला. मला बशीत दिला.

कागदाच्या तळाशी ‘जबानी घेणाऱ्याची सही’ अशी जागा आहे. ती मी कोरी ठेवली आहे. पेटी वहिनींना उद्या पोहोचवायची आहे. तू येणार असशील तर ठेवून घेतो. त्या पातीवरच्या खुणा पुस्तकात घालण्यासारख्या आहेत आणि उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत. नागपूरच्या बसला माझे दुकान बाकापेक्षा जवळ पडते.

वरील जबानी मी शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाशिवाय दिली आहे.

दादाजी सोमाजी टेंभुर्णे

समक्ष हजर:

१. राजेंद्र ढोलकवाले, बालाघाट. त्या दिवशी ढोलकीवर होते. सही केली.

२. पुष्पलता फकिरा हुमणे, किरनापूर. ‘याची काई गरज नव्हती, भाऊजी’ असे म्हणून सही केली.

३. लीलाबाई दादाजी टेंभुर्णे. त्या दिवशी चहा यांनीच मांडला होता. मसुद्यात सर्वत्र ‘फकिरा’ असे एकेरी लिहिलेले होते; ‘दादा’ लावल्याशिवाय सही करणार नाही, असे त्यांनी सांगितल्यावरून प्रत्येक ठिकाणी लावले, त्यानंतर सही केली.